तीस दिवस, फार तर पंचेचाळीस

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हौसेनं कुणी वाचत नाही. वाचायला हवा. विनोदी वाचायला मिळावं म्हणून लोक दिवाळी अंकांची वाट बघत बसतात आणि शासन बिचारं बारा महिने लिहीत असतं. या कायद्यात म्हटलंय की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावावा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ नये. इथवर ठीक. खरी गंमत पुढे आहे. पंचेचाळीस दिवसांतही जमलं नाही, तर विद्यापीठानं उशिराची कारणं सविस्तर लिहून कुलपतींना आणि शासनाला अहवाल द्यायचा. म्हणजे विद्यार्थी नापास झाला तर केटी, आणि विद्यापीठ नापास झालं तर निबंध.

निबंध किती गुणांचा, ते कायद्यात दिलेलं नाही.

मुंबई विद्यापीठाला नावं ठेवणं ही आता फॅशन झाली आहे. मुलं ठेवतात, पालक ठेवतात, सिनेटवाले तर त्यासाठीच निवडून येतात. तेव्हा आज मी विद्यापीठाची बाजू घ्यायचं ठरवलंय. कुणीतरी घ्यायला हवी.

पहिली गोष्ट अशी की, या विद्यापीठानं शिकवण्याचं वचन कधी दिलंच नव्हतं. १८ जुलै १८५७ ला ते जन्मलं. तिकडे उत्तरेत उठाव पेटलेला, आणि इकडे सरकारला परीक्षा घ्यायची घाई. लंडन विद्यापीठाचा नमुना समोर होता. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे आणि पदव्या द्यायच्या, बस्स. विद्यापीठांनी स्वतः शिकवायलाही हरकत नाही, ही कल्पना १९०४ च्या कायद्यात आली. ती अमलात यायला मुंबईत आणखी बरीच वर्षं गेली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांना समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आणलं, तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणजे साठ वर्षं विद्यापीठानं कुणाला काहीही शिकवलं नाही आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही. आज एखाद्या वर्गात प्राध्यापक नसला की आपण बोंब मारतो. अरे, ही परंपरा आहे!

राहता राहिली परीक्षा. ज्या एका कामासाठी जन्म घेतला, ते तरी जमायला हवं, असं कुणी म्हणेल. तर सुरुवातीला जमत होतं. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि दोन डझनसुद्धा पास झाले नाहीत. पुढे १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली: रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. चार जण. चौघांचा निकाल लावायला कितीसा वेळ लागणार? त्यांची नावं परीक्षा नियंत्रकाला तोंडपाठ असतील. ‘सर, माझा निकाल राखीव दाखवतोय’ असं म्हणत महादेव गोविंद रानडे खिडकीवर उभे राहिलेत, असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही.

पण याच रानड्यांचा एक किस्सा आजच्या पोरांनी भिंतीवर लावावा असा आहे. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांचं राज्य बरं होतं अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट रानड्यांवर लोभ करणारा माणूस, पण हे त्याला झोंबलं. त्यानं सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. ही गोष्ट आपल्याकडे साहेबाच्या जुलमाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ती सुवर्णयुगाची आठवण वाटते. तेव्हा शिष्यवृत्ती अडकायला निदान एक निबंध लिहावा लागत असे. आणि सहा महिने म्हणजे सहाच महिने! आजचा मुलगा राजद्रोहाचा ‘र’सुद्धा लिहीत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र असं सगळं तो महाडीबीटीच्या पोर्टलवर चढवतो. तीन महिन्यांनी कळतं की अर्ज परत आलाय, कारण बँक खातं आधारला ‘लिंक’ आहे पण ‘सीड’ नाही. या दोन शब्दांतला फरक कळणं हे हल्ली उच्च शिक्षणच आहे. एफवायचे पैसे टीवायला आले, तर घरात पेढे वाटतात.

आता २०१७. विद्यापीठाची बाजू घेणाऱ्याला हा विषय टाळून पुढे जाता येत नाही.

वर सांगितलेला कायदा १ मार्च २०१७ ला लागू झाला आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. ऑनस्क्रीन मार्किंग. कल्पना वाईट नव्हती. फक्त ती परीक्षा होऊन गेल्यावर सुचल्यासारखी राबवली गेली, एवढंच. सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा. आधी स्कॅन करा, मग शिक्षकांनी लॉगिन करा, मग सर्व्हर देवाच्या हवाली. ज्यांनी उभ्या आयुष्यात लाल पेनाखेरीज कुठलं यंत्र वापरलं नव्हतं, ते ज्येष्ठ प्राध्यापक माऊस धरून बसले. पेपर तपासता यावेत म्हणून कॉलेजांना सुट्ट्या दिल्या गेल्या. जुन्या वर्षाचा निकाल लावण्यासाठी नव्या वर्षाचं शिकवणं बंद. तेव्हाचे कुलपती विद्यासागर राव यांनी सबमिशनची तारीख दिली, ३१ जुलै. आणि विद्यापीठानं अगदी आपल्या विद्यार्थ्यांच्या वळणावर जाऊन ती चुकवली. मग एक्स्टेन्शन. मग आणखी एक एक्स्टेन्शन. गणपती आले आणि गेले, तरी विधी शाखेची मुलं वाटच बघत होती.

या प्रकरणातला खरा शोध मात्र पुढचा आहे. काही उत्तरपत्रिका सापडेचनात. मग त्या मुलांना सरासरी गुण द्यायचं ठरलं. परीक्षाशास्त्रात ही केवढी मोठी झेप आहे, याची दखल कुणी घेतली नाही. दीडशे वर्षं आपण समजत होतो की गुण द्यायला उत्तरपत्रिका लागते.

विनोद बाजूला ठेवून सांगायचं तर त्या वर्षी परदेशातल्या प्रवेशाची पत्रं हातात घेऊन बसलेली मुलं होती. निकालाअभावी एम.ए., एलएल.एम.ला अर्ज करता येत नव्हते. नोकरीवर रुजू व्हायची तारीख उलटून चाललेली होती. त्यांचं जे गेलं ते पुनर्मूल्यांकनात परत मिळालं नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. दर सत्राला वर्तमानपत्रात ‘निकाल रखडला’ ही बातमी कुठल्या पानावर आहे एवढंच बघायचं. आत गेली असेल तर समजावं, सुधारणा आहे.

आता जरा विद्यार्थ्याकडे वळू. तो काय करतो?

विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, आणि त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं. हे सगळ्यांना माहीत आहे. प्रेमचंदशेठचा तो पैसा कापसाच्या तेजीतला आणि शेअरबाजारातला, आणि देणगी दिल्यावर वर्षभरात तो बाजार कोसळला, हे जरा कमी लोकांना माहीत असतं. परीक्षेच्या या देवळाचा कळस सट्ट्याच्या पैशातला आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. आत येणारे भक्तही तेच करतात. अठरा प्रकरणांतली सहा करायची, सहांतली चार पक्की करायची, आणि मग देवाचं नाव घ्यायचं. याला आयएमपी म्हणतात. आणि आयएमपीचा बाजार फोर्टात नाही, कलिन्यातही नाही. तो भरतो कॉलेजच्या गेटसमोर, झेरॉक्सच्या दुकानात.

हे दुकान एकदा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नीट बघावं. आठ बाय दहाचा गाळा. दोन यंत्रं, त्यातलं एक कायम उघडं पडलेलं, पोटातला टोनर दाखवत. तारेवर रांगेनं लटकवलेली स्पायरल बायंडिंग, प्रत्येकावर स्केच पेननं विषयाचं नाव आणि त्याखाली ‘न्यू’. काउंटरला चिकटपट्टीनं लावलेला कागद: ‘प्रिंट व्हॉट्सअॅप करा, नाव लिहा, उधार मागू नका’. काका पंखा यंत्राकडे वळवून बसलेले, कारण घाम त्यांना परवडतो, यंत्राला नाही.

“काका, सेम फाइव्हचं आयएमपी द्या.”

“जुना सिलॅबस का नवा?”

“म्हणजे?”

“अरे, तू रेग्युलर का केटी?”

“एका विषयात केटी, बाकी रेग्युलर.”

“मग केटीचा पेपर जुना येणार. मागच्या वर्षी त्यांनी गोंधळ घातला होता, तेव्हा दोन्ही घेऊन ठेव. मायनर काय तुझा?”

“मित्रानं घेतला तोच.”

“मित्रानं काय घेतलाय?”

मुलगा फोन लावतो. पलीकडचा मित्र म्हणतो, थांब, मी विचारून सांगतो.

काका या वेळात त्याचा सेट काढून स्टेपलही करून ठेवतात. कुठल्या प्रकरणावर मागच्या खेपेला प्रश्न आला नव्हता, यंदा पेपर ‘त्या बाई’ काढणार का ‘ते सर’, पंचाहत्तर गुणांचा पेपर साठांचा झाला का पन्नासांचा, हे या माणसाला प्राचार्यांच्या आधी कळतं. अभ्यासमंडळाची बैठक होते, इतिवृत्त मंजूर व्हायचं असतं, आणि काकांच्या तारेवर नवं बायंडिंग लटकलेलं असतं. दहावीनंतर त्यांनी शिक्षण सोडलं. उगाच कुठल्या निकालाची वाट बघत बसावं लागलं नाही, म्हणून वेळेवर मार्गाला लागले.

काकांना हल्ली जास्त काम आहे, कारण नवं शैक्षणिक धोरण आलंय. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आलं. पूर्वी मुलगा बी.ए. करत असे. विचारलं तर सांगे, इतिहास. आता त्याला मेजर असतो, मायनर असतो, ओपन इलेक्टिव असतो, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, पुढे ओजेटी आणि सीईपी. आमच्या शेजारच्या मुलीनं हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा तिच्या आजीनं देव्हाऱ्याकडे बघत हात जोडले. एका सत्रात बावीस क्रेडिट. पंधरा तासांचं एक क्रेडिट. दोन क्रेडिटच्या विषयाचं पुस्तक येईस्तोवर तो विषय संपतो आणि शिक्षक येईस्तोवर परीक्षा.

कारण शिक्षक तोच आहे, माणसं वाढलेली नाहीत. भौतिकशास्त्राच्या सरांकडे भारतीय ज्ञानपरंपरा गेली आहे, आणि ते प्रामाणिक गृहस्थ असल्यामुळे आर्यभटावर दोन तास बोलून उरलेले अठ्ठावीस तास कशावर बोलायचं या विवंचनेत आहेत. मराठीच्या बाईंकडे ‘व्यावसायिक कौशल्य’ आहे. कौशल्य कुठलं, हे त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं. विभागप्रमुखही त्याच आहेत.

हे क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा होतात. खरोखरची बँक आहे, खातं असतं, नंबर असतो. एका वर्षानं कॉलेज सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी सोडलं तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. पूर्वी पोरगं एफवायला कॉलेज सोडून मामाच्या गॅरेजमध्ये लागायचं, तेव्हा ‘त्यानं कॉलेज सोडलं’ असं म्हणत. आता तो ‘मल्टिपल एक्झिट’ घेतो. मामा तोच, गॅरेज तेच. फक्त आता त्याची नोंद उच्च शिक्षणातल्या लवचिकतेच्या यशात होते.

आणि पेपर तपासतं कोण? याकडे जरा आवाज खाली करून बघायला हवं. तासिका तत्त्वावरचे शिक्षक. सीएचबी म्हणतात त्यांना. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. झालेले, सकाळी सातचं लेक्चर डोंबिवलीला, अकराचं मुलुंडला, दुपारी आणखी कुठे. तासागणिक पैसे आणि ते पैसे कधी येतील याला कुठल्याही अधिनियमात तीस दिवसांची अट नाही. कायम नोकरीची जाहिरात निघते, रद्द होते, पुन्हा निघते. हा माणूस सबंध सत्र शिकवतो, आणि सुट्टी लागली की त्याचा पगार शून्य होतो, म्हणून सुट्टीत तो क्लासमध्ये शिकवतो. त्याच क्लासमध्ये कॉलेजला न येणारा त्याचाच विद्यार्थी पहिल्या बाकावर भेटतो. दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. पंचाहत्तर टक्के हजेरीची डिफॉल्टर लिस्ट लागते त्यात या मुलाचं नाव असतं आणि ती लिस्ट टाइप केलेली असते त्याच सरांनी. संध्याकाळच्या कल्याण लोकलला दोघे दारात उभे असतात. निकालाची चिंता दोघांनाही आहे. एकाचा पेपर अडकलाय, दुसऱ्याचं बिल.

सात जिल्ह्यांचं हे विद्यापीठ आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि थेट सिंधुदुर्ग. सावंतवाडीच्या पोराच्या गुणपत्रिकेत आईचं नाव चुकलं, तर ते दुरुस्त करायला तो तुतारी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून दादरला उतरतो, तिथून सांताक्रूझ, तिथून बस करून कलिन्याला महात्मा जोतिराव फुले परीक्षा भवनात. उपकेंद्रं आहेत, नाही असं नाही. पण कोकणातल्या माणसाचा दूरच्या देवावर जास्त विश्वास. गावातल्या देवाला कौल लावून झाल्यावरच तो मोठ्या देवाकडे निघतो, आणि निघताना डब्यात काजू बांधून घेतो, कुणाला द्यावे लागले तर असू देत म्हणून.

मी इतका वेळ बाजू घेतोय, पण शेवटी विद्यापीठानंच माझी पंचाईत केली. जानेवारी २०२५ मध्ये दीक्षान्त समारंभ झाला. एका समारंभात दीड लाखाच्या वर पदव्या. चौघांपासून इथवर! नंतर ही प्रमाणपत्रं मुलांच्या हाती पडू लागली, तेव्हा काहींच्या लक्षात आलं की विद्यापीठाच्या बोधचिन्हातल्या इंग्रजी नावात, मुंबईच्या स्पेलिंगमध्ये, एक ए जास्तीचा पडलाय. आयुष्यभर अर्जातल्या एका चुकलेल्या अक्षरासाठी मुलांना खिडकीवरून परत पाठवणाऱ्या व्यवस्थेनं स्वतःला एक अक्षर ग्रेस दिलं होतं. विद्यापीठानं छपाईतली चूक असल्याचं सांगितलं आणि दुरुस्त प्रती देऊ म्हटलं. हे त्यांना शोभेसंच झालं.

एकानं म्हणे आपली प्रत परत केलीच नाही. टपाल तिकिटावर छपाईची चूक राहिली की त्याची किंमत हजार पटींनी वाढते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बी.कॉम.च्या तीन वर्षांत मूल्य या विषयावर त्याला नेमकं एवढंच समजलं. नोकरी मिळेपर्यंत ती पदवी तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवणार आहे. काकांनी तिचा रंगीत झेरॉक्सही काढून दिलाय आणि वर सांगितलंय, लॅमिनेट करू नकोस, भाव उतरेल.